डायरेक्ट नाही करत मी

गाडीची किल्ली अर्धी फिरवायची आणि डावा हात वर करायचा, ही वायरिंगवाल्या भाऊंची सुरुवात. हात वर गेला की आसपासच्या सगळ्यांनी गप्प बसायचं. शेजारच्या रसवंतीवाल्यानं चरक थांबवायचा, गाडीच्या मालकानं आपलं रडगाणं थांबवायचं. कुणाचा मोबाईल वाजलाच, तर ते त्याच्याकडे अशा नजरेनं पाहत की तो बिचारा रस्त्याच्या पलीकडे जाऊन बोले.

"चूप. आयकू द्या."

मागच्या सीटखाली, पेट्रोलच्या टाकीत, पंप असतो. किल्ली फिरवली की तो दोन सेकंद बारीक घुरघुरतो. घुरघुर आली तर ते म्हणत, "पंप जिता आहे." नाही आली तर म्हणत, "करंट गेला कुठं?" हा प्रश्न ते गाडीला विचारत, आपल्याला नाही. आपण उत्तर द्यायला गेलो तर त्यांना ते आवडत नसे.

हुडकेश्वर रोडला आमची वस्ती उभी राहत होती तेव्हापासून त्यांचं टिनाचं शेड तिथं होतं. 'ऑटो इलेक्ट्रिक' एवढीच पाटी, मालकाचं नाव नाही. लोक वायरिंगवाले भाऊ म्हणत, मीही भाऊच म्हणायचो. वय पन्नाशीच्या पुढचं, उंच, पाठीत जरा वाकलेले. शर्टाच्या खिशात चष्मा आणि गळ्यात एक बल्ब. गाडीच्या इंडिकेटरमध्ये असतो तसा छोटा बल्ब, त्याला दोन लांब वायरी आणि वायरींच्या टोकांना चिमटे. डॉक्टर स्टेथोस्कोप अडकवतात तसा तो गळ्यात असे. जेवतानाही काढत नसत.

माझी त्यांची ओळख बंद पडलेल्या गाडीमुळे झाली. मी शाळेत विज्ञान शिकवतो. जुनी गाडी घेतली होती, ती उन्हं वाढली की चौकात उभी राहायची. एका मोठ्या गॅरेजवाल्यानं पंप खराब आहे म्हणून नवा पंप टाकला. आठ दिवसांनी गाडी पुन्हा मानेवाडा चौकात उभी. शेवटी दोघातिघांनी धक्का मारून ती भाऊंच्या शेडपर्यंत आणली.

मी सगळी हकीकत सांगितली. मीटर लावून पाहिलं, बारा व्होल्ट बरोबर येतात, हेही सांगितलं. थोडं ऐटीतच सांगितलं असणार.

"सर, तुमी पोराईले करंट शिकवता ना?"

"हो."

"मंग बारा व्होल्ट येऊन राहिले अन् पंप चालत नाही, हे कसं?"

मला सांगता येईना. त्यांनी मागची सीट उचलली, पंपाच्या पिनेला आपला बल्ब लावला. बल्ब पेटला, पण आजाऱ्यासारखा. लालसर, मंद.

"मीटर झूठ बोलते. त्याले काई वजन उचलाचं नसते. बल्बले उचला लागते." मग ते डिकीतला गालिचा सोलून पत्र्यापाशी गेले. तिथं एका बोल्टखाली काळी वायर होती आणि बोल्टाभोवती हिरवा गंज. "हे पाहा तुमची अर्थिंग. करंट येते का, हे सारे पायतात. वापस जाते का, कोणी पाहत नाही."

पॉलिश पेपरनं बोल्ट घासला, वायर पुन्हा कसली. बल्ब लख्ख पेटला. नवा पंप उगाच टाकला गेला होता. मी वर्गात हा किस्सा अनेकदा सांगितला. स्वतःची फजिती गाळून.

पुढे मी काम नसतानाही शेडमध्ये जाऊन बसू लागलो. शाळा सुटल्यावर अर्धा तास. तुमच्याही ओळखीत असं एखादं बसण्याचं ठिकाण असेल, जिथं काही घडत नाही आणि तरी आपण जातो. ते फार बोलत नसत. बोलले तर गाडीशीच. पण एक वाक्य मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं त्याला हिशेब नाही.

"डायरेक्ट नाही करत मी."

हे काय ते सांगतो. पंपाला करंट एका छोट्या डबीतून जातो. तिला रिले म्हणतात. किल्ली फिरवल्यावरचे ते पहिले दोन सेकंद सोडले, तर इंजिन फिरत असेल तरच रिले पंपाला करंट देतो. इंजिन थांबलं की तोडतो. हा रिले बिघडला की गाडी बंद. नवा रिले मिळेपर्यंत मेकॅनिक लोक एक तुकडा वायर घेऊन करंट सरळ पंपाला जोडून देतात. दोन मिनिटांचं काम. गाडी चालू होते, गिऱ्हाईक खूश. फक्त मग इंजिन थांबलं तरी किल्ली चालू असेपर्यंत पंप पेट्रोल फेकतच राहतो.

भाऊ ते करत नसत. एकदा नवरदेवाची फुलांनी सजवलेली गाडी शेडसमोर बंद पडली. आत नवरदेव घामाघूम, बाहेर मामा लालबुंद. रिले गेला होता.

"अहो, वायर जोडून द्या ना! मुहूर्त आहे!"

"डायरेक्ट नाही करत मी."

"काहून नाही करत?"

"नाही करत."

मामानं बरंच ऐकवलं. भाऊंनी बोनेट शांतपणे बंद केलं आणि नवरदेवाला म्हणाले, "या, माझ्या गाडीवर बसा." मग डोक्याला बाशिंग बांधलेला नवरदेव त्यांच्या स्कूटरवर मागे बसून मंगल कार्यालयात गेला. रसवंतीवाला हे पुढं वर्षभर सांगत होता. मला वाटायचं, हा कारागिराचा ताठा आहे. असा ताठा मला आवडायचाही.

मग ती मे महिन्यातली दुपार आली.

बाबा जेवून पडले होते. दोनच्या सुमारास आईनं हाक मारली. बाबा उठून बसले होते, छाती धरून, आणि श्वास घेताना आवाज येत होता. अ‍ॅम्ब्युलन्सला फोन केला. चाळीस मिनिटं लागतील म्हणाले. त्या उन्हात रस्त्यावर ऑटो नव्हता. मी आणि आईनं बाबांना गाडीत मागे बसवलं, किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली नाही.

मी पळत शेडवर गेलो. भाऊ डबा खात होते. हात न धुता आले.

किल्ली अर्धी. डावा हात वर. त्या शांततेत फक्त बाबांचा श्वास ऐकू आला. पंपाचा आवाज नव्हता. ते डॅशबोर्डखाली वाकले, बल्ब लावला, काढला, पुन्हा लावला.

"रिले गेला."

"तुमच्याकडे आहे?"

"या गाडीचा नाही. सीताबर्डीतून आणा लागन."

"मग डायरेक्ट करा."

ते डॅशबोर्डखाली तसेच वाकून राहिले.

"भाऊ, डायरेक्ट करा! बाबांकडे पाहा तरी!"

त्यांनी पाहिलं. बाबांनीही त्यांच्याकडे पाहिलं. मग ते उठले आणि शेडकडे चालू लागले. मला वाटलं, निघून चालले. मी त्यांना मागून काय काय बोललो ते मला आठवतं, पण इथं लिहीत नाही.

ते परत आले तेव्हा हातात वायर होती आणि वायरीच्या मधोमध ट्रकच्या हॉर्नचं जुनं बटण जोडलेलं. दाबलं की करंट जाईल, सोडलं की तुटेल. वायरीची दोन टोकं रिलेच्या जागी खोचली, बटण मुठीत घेतलं आणि माझ्या शेजारच्या सीटवर बसले.

"मी दाबून धरतो. तुमी चालवा. काई झालं तर मी सोडीन."

त्यांनी अंगठा दाबला. मागून पंप घुरघुरला. गाडी सुरू झाली.

हुडकेश्वर ते धंतोली. एरवी त्या रस्त्यावर मी काय काय पाहतो, त्या दिवशी काही पाहिलं नाही. पुढचा रस्ता आणि डाव्या बाजूला त्यांची मूठ, एवढंच. ते समोर बघत होते. अंगठ्याचं नख आधी लाल झालं, मग पांढरं. एका गतिरोधकावर गाडी उडाली आणि त्यांचा अंगठा सुटला. इंजिन अडखळलं. त्यांनी लगेच दाबलं आणि दुसऱ्या हातानं मूठ गच्च धरली. सिग्नलला थांबलो तरी त्यांनी हात बदलला नाही.

मागून बाबा म्हणाले, "हळू चालव."

मी हळू केली नाही.

दवाखान्याच्या दारात बाबांना स्ट्रेचरवर घेतलं. आई त्यांच्याबरोबर आत गेली. मी कागदांवर सह्या केल्या. मग बाहेर बसा म्हणाले. बाहेर आलो तर गाडी पार्किंगमध्ये ढकलून नीट लावलेली, आणि भाऊ वॉटर कूलरशेजारच्या सिमेंटच्या बाकावर. बटण काढून बाजूला ठेवलं होतं. उजव्या हाताची बोटं ते डाव्या हातानं एक एक करून सरळ करत होते.

मी शेजारी बसलो. आभार मानावे असं डोक्यात आलं, पण तोंड उघडलं तेव्हा भलतंच निघालं. "तुम्ही डायरेक्ट का करत नाही?"

ते थोडा वेळ बोटं चोळत राहिले.

"माझा दोस्त होता. शाळेपासूनचा. त्याची व्हॅन होती, भाड्यानं चालवे. एक दिवस आला, रिले गेला होता. म्हणे, लग्नाची सवारी आहे, थांबाले टाइम नाही. मी डायरेक्ट करून देल्लं. म्हटलं, उद्या ये गा, रिले टाकून देतो. तो आला नाही. रोज शेडसमोरून जाये. मी हात करू, ये म्हणून. तो म्हणे, चालून राहिली ना मस्त. असे दोन अडीच महिने गेले."

समोरून एक नर्स गेली. ती जाईपर्यंत ते थांबले.

"मंग उमरेड रोडले पलटली. सवारी उतरवून एकटाच वापस येऊन राहिला होता. इंजिन बंद पडलं असन. पंप नाही पडला. खाली पाइप तुटला होता म्हणतात. पेटली. त्याले निंगताच नाही आलं."

आवाज अगदी सरळ होता. कोणत्या गाडीत काय फॉल्ट निघाला, हे ते मला सांगत तसाच.

"पोलीस?"

"वायरिंग जळून गेलं सारं. पाहाले राहिलंच काय? कोणालेच मालूम नाही झालं."

"मग?"

"मी त्याच्या बायकोले जाऊन सांगतलं. तिनं आयकलं. म्हणे, भाऊजी, तुमी आता जा. मी आलो."

"आणि घरी?"

"घरी नाही सांगतलं. एक घर तरी राहू द्या, जिथं मी पहिल्यासारखा आहो."

मी विज्ञानाचा शिक्षक. मला बोलणं भाग वाटलं. म्हणालो, पाइप तुटलेला, गाडी उलटलेली, इंजिन तापलेलं. रिले असता तरी आग लागली असती कदाचित.

"हो. कदाचित." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मीबी तेच म्हणतो स्वतःले. पण तपासू कसं, सर? बल्ब कुठं लावू?"

मी उठून कूलरचं पाणी ग्लासात भरलं आणि त्यांच्या हातात दिलं.

थोड्या वेळानं ते उठले, बस पकडून सीताबर्डीत गेले, रिले घेऊन परत आले आणि पार्किंगमध्येच तो बसवला. माझ्या हातात किल्ली दिली. "झाली गाडी." मग बसनंच घरी गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाबा गेले. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला असं नाही, तुम्ही वेळेत आणलं होतं. मी मान हलवली. पुढचे दिवस मी सगळं केलं, जे करायचं असतं ते. लोक येत, मी त्यांना तेच तेच सांगत असे, आणि सांगताना मला दुसऱ्याच कुणाच्या वडलांबद्दल बोलतोय असं वाटे. रडू आलं नाही. आई म्हणायची, रडून घे रे. मी प्रयत्न करून पाहिला. नाही आलं.

त्या दिवसांत भाऊ रोज संध्याकाळी शेड बंद करून आमच्याकडे यायचे. बाबांबद्दल एक शब्द बोलायचे नाहीत. फाटकाजवळच्या पायरीवर बसायचे, मी त्यांच्या शेजारी बसायचो. एकदा घराची बेल नीट वाजत नव्हती ती दुरुस्त केली. एकदा आईनं कुकरमध्ये जास्त खिचडी लावली आणि ते जेवून गेले. तेरा दिवस आले. चौदाव्या दिवशी आले नाहीत. मी शेडवर गेलो, तर ते एका गाडीखाली होते. मला पाहून म्हणाले, "आला का? बसा."

त्यानंतरची दोन वर्षं तशीच गेली. मी जायचो, बसायचो. ती गोष्ट पुन्हा निघाली नाही. मी त्यांच्या घरी कधी गेलो नव्हतो आणि त्यांनी कधी बोलावलं नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात मी परीक्षेच्या कामासाठी आठवडाभर भंडाऱ्याला होतो. परत आलो तर शेडला कुलूप. रसवंतीवाला हिवाळ्यात तिथंच चहा विकायचा. त्यानं सांगितलं. भाऊंना ताप आला होता, साधाच वाटला, दोन दिवस अंगावर काढला. तिसऱ्या दिवशी भरती केलं. पाचव्या दिवशी गेले. "तुमाले फोन लावला होता सर, लागला नाही."

मी चहा घेतला. चहा गरम होता. तेवढंच कळलं.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम रविवारी होता. त्यांचं घर दोन खोल्यांचं, पुढं छोटं अंगण, तिथं मांडव घातला होता. बुद्धवंदना झाली. चारपाच जण बोलले. भाऊंनी कुणाकुणाचं काय काय दुरुस्त करून दिलं, तेच सगळे सांगत होते. मला बोला म्हणाले, मी हात जोडून नको म्हटलं. मग जेवणाच्या पंगती बसू लागल्या.

मी निघत होतो तेव्हा त्यांच्या पत्नीनं मला आत बोलावलं. मी त्यांना पहिल्यांदाच भेटत होतो. बारीक चणीच्या, पांढऱ्या साडीतल्या. चेहऱ्यावर काही नव्हतं. मला तो चेहरा ओळखीचा वाटला. बाबा गेल्यावर माझाही तसाच असणार.

"सर, ते तुमचं नाव घेत होते घरी. दुसऱ्या कोणाचं घेत नव्हते. म्हणून तुमालेच विचारतो."

"विचारा ना, वहिनी."

"माझं माहेर उमरेडचं. बारा वर्षं झाले, हे तिकडं आले नाही. मले बसमध्ये बसवून देत अन् वापस येत. माझ्या भावाच्या पोरीचं लग्न झालं, नाही आले. माझे बाबा गेले, तेव्हाबी नाही आले. मी बसस्टँडवर पाया पडली त्यांच्या, चला म्हणून. नाही आले." त्या दाराबाहेर पाहत होत्या. "मले वाटलं, माझ्या भावानंच काई बोललं असन ह्याईले. तो शपथ घेऊन सांगे, मी काई बोललो नाही वं, म्हणून. मी नाही मानलं. आठ वर्षं झाले, मी भावाशी बोलत नाही. तुमाले काई मालूम आहे का? काहून नाही येत होते ते?"

भाऊंनी मला 'कुणाला सांगू नका' असं म्हटलं नव्हतं. म्हणायची गरज वाटली नसावी. एक घर तरी राहू द्या, एवढंच म्हणाले होते. मी त्या घरातच उभा होतो. आतून भांड्यांचा आवाज येत होता. नाही म्हणणं अगदी सोपं होतं, आणि मी नाही म्हणणारही होतो.

"भांडण नव्हतं, वहिनी," मी म्हणालो. आणि मग सगळं सांगितलं. दोस्त, व्हॅन, वायर, उमरेड रोड. त्यांनी सांगितलं होतं त्याच क्रमानं, माझं काही न घालता. बल्ब कुठं लावू, हेही सांगितलं.

त्या ऐकत होत्या. मध्ये एकदा भिंतीला हात टेकवला.

"तो दोस्त आमच्या लग्नात होता," त्या म्हणाल्या. "तो गेला तेव्हा हे आठ दिवस जेवले नाही. मी म्हटलं, दोस्तच होता, लागन मनाले." मग थोड्या वेळानं, "अन् माझ्या भावाची काईच चूक नव्हती."

"नव्हती."

"असं."

एवढंच. त्या रडल्या नाहीत. भिंतीवरचा हात काढला, पदर नीट केला आणि बाहेर गेल्या. मी दारात उभा राहिलो. आपण केलं ते बरोबर की चूक, याचा विचार करायचा प्रयत्न केला. विचार पुढं सरकत नव्हता.

मांडवाच्या शेवटच्या रांगेत, पाण्याच्या ड्रमजवळ, एक वयस्क माणूस प्लास्टिकच्या खुर्चीवर एकटा बसला होता. पायात प्रवासाची धूळ, मांडीवर पिशवी. त्याला कुणी जेवायला बसा म्हटलेलं दिसत नव्हतं, आणि तोही उठला नव्हता. वहिनी सरळ त्याच्यापाशी गेल्या. तो गडबडून उभा राहिला. त्यांनी शेजारची खुर्ची ओढली आणि बसल्या. मग तोही बसला.

"दादा, जेवला का?"

"नाही."

"मीबी नाही जेवली."

तो त्यांच्याकडे पाहत राहिला. त्या समोर पाहत होत्या. पंगतीतला भात संपत आला होता. कुणीतरी आतून नवं पातेलं उचलून आणत होतं आणि वाटेतल्या लोकांना बाजूला व्हा म्हणत होतं.